व्हिजन आणि मिशन मंडळीला कसं समजावायचं?

प्रभूमध्ये सलाम, पाळकसाहेब.

तुमच्या चर्चच्या पंचकमिटीने वार्षिक सभेसाठी व्हिजनचं एक आणि मिशनचं एक अशी दोन वाक्यं केली, पण मंडळीला, म्हणजे चर्चच्या सभासदांना, दोन्ही सारखीच वाटतात, असं तुम्ही म्हणता. वाटणारच. ‘प्रीतीने सेवा करणारी मंडळी’ आणि ‘प्रीतीने सर्वांची सेवा करणे’ एकाखाली एक छापलं, तर फ्लेक्सवाल्यालासुद्धा फरक सांगता येणार नाही.

व्याख्या सांगत बसू नका. उपदेशासाठी बायबलमधलं नहेम्याचं पुस्तक घ्या. नहेम्या हा शूशनच्या राजवाड्यात पारसाच्या अर्तहशश्त राजाचा प्यालेबरदार, म्हणजे राजाला द्राक्षारस देणारा सेवक, नोकरी उत्तम. यरुशलेमचा कोट, म्हणजे शहराची तटबंदी, पडलाय, वेशी जळाल्यात आणि लोक अप्रतिष्ठेत जगताहेत, हे कळल्यावर तो रडला, उपास केला. पुढे तिथे गेला, रात्री गुपचूप फिरून पडझड पाहिली आणि मग लोकांना जे म्हणाला (२:१७) त्यात दोन्ही गोष्टी आल्या आहेत: चला, कोट बांधू, म्हणजे यापुढे आपली अप्रतिष्ठा होणार नाही. अप्रतिष्ठा नसलेलं यरुशलेम हे व्हिजन. कोट बांधणं हे मिशन.

तिसरा अध्याय आपण नुसत्या नावांची यादी म्हणून वगळतो. पण मिशन म्हणजे काय ते तिथेच दिसतं. सोनार आणि अत्तर बनवणारे गंधी भिंत बांधताहेत, शल्लूमच्या मुली बापाबरोबर कामाला लागल्यात, कित्येक जण आपापल्या घरासमोरचा भाग उभारताहेत. तकोवा गावच्या बड्या लोकांनी मात्र कामाला मान लववली नाही, तेही लिहून ठेवलंय! (आपल्या अहवालात असं लिहायची कोणाची छाती नाही.) कोण, कुठे, किती हे ठरलं, म्हणून काम ५२ दिवसांत संपलं.

आता खरा मुद्दा. कोट पुरा झाला, मिशन फत्ते, पण सातव्या अध्यायात पाहा: शहर मोठं, माणसं थोडी, घरं बांधलेली नाहीत. पाचव्यात तर आपलेच लोक आपल्याच भावांकडून व्याज घेताहेत, म्हणजे अप्रतिष्ठा कोटाच्या आतही आहे. व्हिजन अजून लांब. म्हणून नवं काम निघालं: चिठ्ठ्या टाकून दहातल्या एकाला शहरात राहायला आणलं. मिशन संपतं, बदलतं. व्हिजन त्यामानाने टिकतं.

मंडळीला आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर पंडिता रमाबाई. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं ते विधवांच्या शिक्षणासाठी. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो बायका-मुली केडगावला आणल्या, तेव्हा आधी अन्न-निवारा, मग शाळा, विणकाम, छापखाना. कामं बदलत गेली. निराधार बाईने स्वतःच्या पायावर उभं राहावं, हे बदललं नाही.

आता तुमच्या दोन वाक्यांकडे या. व्हिजनच्या वाक्याला विचारा: हे खरं झालं तर आपल्या वस्तीत काय वेगळं दिसेल? मिशनच्या वाक्याला विचारा: हे कोण करणार, कोणत्या वारी? उत्तर नाही आलं तर वाक्य परत कमिटीकडे. ‘आपल्या वस्तीतलं एकही मूल फीपायी शाळा सोडणार नाही’ हे व्हिजन झालं. ‘मंडळीच्या हॉलमध्ये सोमवार ते गुरुवार संध्याकाळी अभ्यासवर्ग, जबाबदारी निवृत्त शिक्षकांची, फीचा निधी महिला मंडळाकडे’ हे मिशन. एवढं ऐकल्यावर मागच्या बाकावरच्या आजीही सांगतील कुठलं कुठलं ते, आणि वर्गाला चहा कोण करणार हेही विचारतील.

फ्लेक्स सभेनंतरच छापा. आधी छापला की लोकांना वाटतं, सगळं ठरलंय, आपण फक्त हात वर करायचा. शब्बाथ शाळेच्या पोरांना आणि तरुण संघालाही हेच दोन प्रश्न वेगळे विचारून घ्या, त्यांची उत्तरं पंचांपेक्षा बरी येतात असा माझा अनुभव आहे.

आणि तिसरा अध्याय वाचायला ज्याला द्याल, त्याच्याकडून नावं आदल्या दिवशी वाचून घ्या. मशेजबेल, हश्शूब, मल्कीया... तिथे अडखळला की तरुण संघ हसायला लागतो.