पल्स्ड ईपीआरच्या प्रोबमध्ये रेझोनेटरचा क्यू जास्तीत जास्त ठेवावा का?

ईपीआर म्हणजे चुंबकीय क्षेत्रातल्या नमुन्यावर मायक्रोवेव्ह सोडून त्यातल्या इलेक्ट्रॉनांचे स्पिन तपासायचं तंत्र; प्रोब म्हणजे नमुना धरणारा भाग, रेझोनेटर म्हणजे त्यातली मायक्रोवेव्ह कोंडून ठेवणारी रचना, आणि क्यू म्हणजे ती ऊर्जा किती काळ धरून ठेवते याचं माप. तुमचा प्रश्न असा, की 9.5 गिगाहर्ट्झचा पल्स्ड ईपीआर प्रोब बनवताना सीडब्ल्यू (सतत मायक्रोवेव्ह सोडणाऱ्या) यंत्रासारखा क्यू 5000 च्या आसपास ठेवला तर सिग्नल वाढेल का. नाही वाढणार. पुष्कळ नमुन्यांत तो दिसायच्या आधीच विरून जाईल.

हिशेब करून बघा. पल्स थांबली तरी रेझोनेटरमध्ये कोंडलेली ऊर्जा लगेच जात नाही. क्यू 5000 असेल तर तिचा व्होल्टेज 167 नॅनोसेकंदांत एक तृतीयांशाहून किंचित जास्त इतका उरतो, क्यू 100 असेल तर सुमारे 3.4 नॅनोसेकंदांत. पल्स किलोवॉटची आणि इको (पल्सनंतर नमुन्याकडून परतणारा क्षीण सिग्नल) पिकोवॉटचा धरला, तर मधलं अंतर 150 डेसिबल. तेवढं ओसरायला असे सतरा-अठरा टप्पे लागतात. म्हणजे पहिल्या प्रोबला जवळजवळ 3 मायक्रोसेकंद, दुसऱ्याला 60 नॅनोसेकंद. तिकडे स्पिनची स्मृती कित्येकदा मायक्रोसेकंद-दोन मायक्रोसेकंदांतच पुसली जाते.

क्यू उतरवून जे गमावतो त्यातलं बरंचसं लूप-गॅप रेझोनेटर परत देतो. फ्रॉन्सिझ आणि हाइड या संशोधकांनी 1982 मध्ये तो मांडला. धातूचं छोटं नळकांडं, त्याला उभी चीर, नमुना आत. चुंबकीय क्षेत्र नेमकं तिथेच एकवटतं, म्हणून तेवढ्याच वॉटमध्ये जोरदार पल्स मिळते. सगळ्यात जास्त मेहनत मात्र कपलिंगच्या, म्हणजे रेझोनेटरमध्ये ऊर्जा आत-बाहेर नेणाऱ्या अँटेनावर घ्या. ती बाहेरून, थंड असतानाही, केसभर सरकवता आली पाहिजे. ट्यूनिंगला क्रिटिकल कपलिंग (काहीच ऊर्जा परत फिरत नाही अशी स्थिती), मग अँटेना जवळ नेऊन ओव्हरकपल, म्हणजे क्यू उतरतो.

आता आमच्या गोव्यातला अनुभव. एका पावसाळ्यात माझ्या तांब्याच्या लूपच्या चिरेत हिरवट थर धरला, न्हाणीतल्या भाणावर (पाणी तापवायच्या तांब्याच्या मोठ्या भांड्यावर) धरतो तसाच. त्या थरातलं दोन संयुजेचं तांबं स्वतःच पॅरामॅग्नेटिक, म्हणजे ईपीआर सिग्नल देणारं असतं, त्यामुळे नमुना न ठेवताही सिग्नल येत होता. आठवडाभर मी तो नमुन्याचाच समजत होतो. तेव्हापासून रिकाम्या प्रोबचा स्पेक्ट्रम आधी घेतो. लूप आमसुलाने किंवा चिंचेने घासू नका, चिरेत आंबट क्षार राहतात. सोन्याचा मुलामा असलेल्या कनेक्टरखाली बहुधा निकेल असतं, ते नमुन्याजवळ नको. दोऱ्याला बारीक चुंबक टांगून प्रत्येक सुटा भाग तपासा. आणि क्रायोस्टॅट (प्रोब थंड ठेवणारं भांडं) पूर्ण गरम झाल्याशिवाय उघडू नका. जुलैत थंड प्रोब बाहेर काढला की क्षणात पाणी सुटतं.