अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष कोण झाला हे चॅनलवालेच ठरवतात का?

तुमचा प्रश्न असा: भारतात निवडणूक आयोग निकाल जाहीर करतो. अमेरिकेत मात्र चॅनलवाले सांगतात आणि जग मान्य करतं. तिथल्या लोकांचाच मीडियावर विश्वास उरलेला नाही, मग हे चालतं कसं?

मी मूळची मिरजेची, आता पेनसिल्व्हेनियात राहते. २०२० आणि २०२४ अशा दोन्ही वेळी आमच्या वस्तीतल्या मतदान केंद्रावर क्लार्क म्हणून बसले. त्यामुळे या प्रश्नाबद्दल मला मनापासून सांगावंसं वाटतं.

चॅनल ठरवत काहीच नाही, ते फक्त हिशेब मांडून सांगतात. खरा निकाल फार सावकाश लागतो. प्रत्येक राज्य आपली मोजणी प्रमाणित करतं, डिसेंबरात इलेक्टर, म्हणजे राज्यांनी निवडलेले प्रतिनिधी, मतं देतात आणि ६ जानेवारीला काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, ती मोजते. ५३८ पैकी २७० मिळाली की राष्ट्राध्यक्ष. फेडरल इलेक्शन कमिशन नावाची संस्था आहे, पण तिचं काम प्रचाराच्या पैशावर नजर ठेवणं. ती एकही मतपत्रिका मोजत नाही. मोजणी स्थानिक पातळीवर होते. देशात तीन हजारांहून जास्त काउंट्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे भाग, आहेत आणि काही राज्यांत तर गावंच मतं मोजतात. या सगळ्याची एका रात्रीत बेरीज करणारं सरकारी कार्यालय नाही. ते काम असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था १८४८ पासून करत आली आहे. तेव्हा आकडे तारेने यायचे. आजही तिची माणसं काउंटीच्या कचेरीत बसून आकडे कळवतात.

आमच्याकडे रात्री आठला मतदान संपतं. केंद्राची प्रमुख असते ‘जज ऑफ इलेक्शन’, तीही त्या वस्तीतूनच निवडून आलेली. दार बंद झाल्यावर ती स्कॅनरचं बटण दाबते आणि दुकानाच्या पावतीसारखी लांबलचक पट्टी बाहेर येऊ लागते. त्यावर प्रत्येक उमेदवाराची मतं. पट्टीवर सह्या होतात आणि एक प्रत केंद्राच्या दाराला बाहेरून चिकटवली जाते. येणाऱ्या-जाणाऱ्या कुणीही ती वाचावी. २०२४ मध्ये आम्ही खुर्च्या घड्या घालत असताना बाहेर दोघंजण मोबाइलच्या उजेडात ती उतरवून घेत होते. ते एकाच पक्षाचे नव्हते, पण एकमेकांना आकडे वाचून दाखवत होते.

चॅनलच्या निर्णय-कक्षात आकडेतज्ज्ञ असतात. ‘पुढे कोण आहे’ हा त्यांचा प्रश्नच नसतो. मागे असलेला उरलेल्या मतांतून पुढे जाऊ शकतो का, एवढंच ते बघतात. कुठल्या काउंटीतली किती मतं उरली, ती केंद्रावरची की टपालाने आलेली, तिथला आजवरचा कल काय. पुढे जायची शक्यता संपली असं दिसलं की मगच ते नाव जाहीर करतात.

चुका झाल्यात, आणि भयंकर झाल्यात. २००० साली फ्लोरिडाच्या पश्चिम टोकाला मतदान सुरू असतानाच चॅनलांनी ते राज्य डेमोक्रॅटिक उमेदवार अल गोर यांना दिलं. मग मागे घेतलं. पहाटे दोननंतर रिपब्लिकन उमेदवार बुश यांना दिलं, तेही मागे घ्यावं लागलं. दरम्यान गोर यांनी फोन करून हार मान्य केली होती, ती त्यांनी पुन्हा फोन करून परत घेतली. व्होलुशिया काउंटीत एका सदोष मेमरी कार्डामुळे गोर यांची सोळा हजारांवर मतं चुकून वजा झाली होती आणि हिशेब त्याने बिघडला. असोसिएटेड प्रेसनेही आधी फ्लोरिडा गोर यांना देऊन मागे घेतलं होतं, पण पहाटे बुश यांना मात्र देऊन टाकलं नाही. शेवटी प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि फरक निघाला ५३७ मतांचा. दुधाने तोंड पोळल्यावर ताक फुंकून प्यावं, तसे हे लोक तेव्हापासून थांबायला शिकले.

२०२० बद्दल बोलताना मला अजून वाईट वाटतं. त्या रात्री पेनसिल्व्हेनियात ट्रम्प जवळपास सात लाखांनी पुढे दिसत होते. अंतिम मोजणीत बायडन ऐंशी हजारांवर मतांनी जिंकले. ‘रात्रीतून मतं आली कुठून?’ असं माझ्या ओळखीचे शिकलेसवरलेले लोकही विचारत होते. ती कुठून आली नव्हती, आधीपासून बंद लिफाफ्यात पडून होती. सव्वीस लाखांच्या आसपास मतं टपालाची, आणि आमच्या राज्याचा कायदा असा की मतदानाच्या दिवशी सकाळी सातच्या आधी एकही लिफाफा उघडायचा नाही. फिलाडेल्फिया या आमच्या राज्यातल्या सर्वांत मोठ्या शहराने ती मोजणी इंटरनेटवर थेट दाखवली, मी रात्री उशिरापर्यंत बघत बसले होते. बाहेरचा लिफाफा फोडायचा, आतला गुप्ततेचा लिफाफा वेगळा काढायचा, तोही फोडायचा, घडी पडलेला कागद हाताने सपाट करायचा, मग स्कॅनरमध्ये. लाखो वेळा. उशीर हा त्या हातांच्या कामाचा होता. या माणसांना धमक्या आल्या, हे मी विसरू शकत नाही.

आता मीडियावरच्या विश्वासाचं. एकाच चॅनलमध्ये दोन वेगळ्या प्रकारची माणसं काम करतात, आकडे बघणारी आणि पडद्यावर बोलणारी, हे ओळखा. २०२० च्या त्याच रात्री ट्रम्प समर्थकांच्या आवडत्या फॉक्स न्यूज चॅनलच्या आकडेतज्ज्ञांनी ॲरिझोना बायडन यांना दिलं, इतरांच्या बरंच आधी. प्रेक्षक संतापले, ट्रम्प यांची माणसं संतापली, पण आकडेतज्ज्ञांनी निर्णय बदलला नाही. फरक अखेर १०,४५७ मतांचा निघाला. निकाल बरोबर ठरला, तरी इतकी घाई करायला नको होती असं माझं मत आहे. पुढच्या काही आठवड्यांत त्याच चॅनलच्या कार्यक्रमांत मतदान यंत्रं बनवणाऱ्या डॉमिनियन कंपनीवर खोटे आरोप ऐकवले गेले. पडद्यावरच्या नामवंतांचा खासगीत त्यावर विश्वास नव्हता, हे त्यांच्याच मेसेजवरून कोर्टाच्या कागदपत्रांत उघड झालं. एप्रिल २०२३ मध्ये फॉक्सने तडजोडीपोटी ७८ कोटी ७५ लाख डॉलर मोजले.

म्हणून पुढच्या निवडणुकीच्या रात्री भारतातून बघत असाल तर चर्चा करणाऱ्यांचा आवाज बंद ठेवा आणि पडद्याच्या कोपऱ्यातला, किती टक्के मोजणी झाली तो आकडा बघा. पेनसिल्व्हेनियात सत्तर टक्के झाली असेल आणि फिलाडेल्फिया बाकी असेल, तर आघाडी कितीही मोठी दिसो, खुशाल झोपायला जा. आमच्याकडे तेव्हा लिफाफे फोडणं सुरूच असेल.