खिडकीतून दिसेल तेवढा हिमालय पुरेसा नाही

प्रश्न : ताई, माझ्या सासूबाई भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर त्यांची उजवी बाजू कमजोर झाली आहे. धरलं तर चार पावलं टाकतात, एरवी व्हीलचेअर. जन्मभर फळ्यावर हिमालय काढला, पण प्रत्यक्ष पाहिला नाही. ऑक्टोबरमध्ये त्यांना शिमल्याला न्यावं असं मनात आहे. टूरवाले म्हणतात, "व्हीलचेअर चालेल, हॉटेलला फक्त दोन पायऱ्या आहेत." सासूबाई म्हणतात, "तुम्ही फिरून या, मी खोलीत बसते. खिडकीतून दिसेल तेवढं पुरे." सोबत मी, नवरा आणि अकरावीतली मुलगी. न्यावं का? नेलं तर कसं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : जरूर न्या. "तुम्ही फिरून या, मी बसते" हे खुर्चीत बसणारे आम्ही सगळेच कधी ना कधी म्हणतो. पाठीच्या कण्याला दुखापत झाल्यावर कितीतरी वर्षं प्रत्येक लग्नात, प्रत्येक सहलीत मी हेच म्हणत होते. यायचं नसतं म्हणून नाही. आपल्याला उचलताना घरच्यांची जी तारांबळ उडते ती बघवत नाही, म्हणून. तेव्हा सहल अशी आखा की सासूबाईंना उचलायची वेळच येऊ नये. शिमल्यात हे जमण्यासारखं आहे. मात्र रोज चार ठिकाणं दाखवणाऱ्या ठरावीक पॅकेजमध्ये ते बसणार नाही, त्यामुळे ते पॅकेज सोडा.

आधी त्या 'फक्त दोन पायऱ्यां'चं बघू. रॅम्पचा साधा हिशेब असा की एक इंच उंची चढायला एक फूट लांबीचा उतार लागतो. पायरी सात इंचांची धरली तर दोन पायऱ्यांची उंची चौदा इंच होते आणि रॅम्प चौदा फुटी लागतो. डोंगरातल्या हॉटेलच्या दारात एवढी जागा क्वचितच असते. मग दारातली मंडळी म्हणतात, "आमची पोरं उचलतील ना मॅडम!" पोरं मनाने चांगलीच असतात, पण एक जण चाकाला धरतो, दुसरा खुर्चीच्या काढता येण्याजोग्या हातावर जोर देतो, आणि आतल्या माणसाचा जीव टांगणीला लागतो. दिवसातून चार वेळा आत-बाहेर करायचं म्हटलं की तिसऱ्या दिवशी माणूस आपणहून म्हणतो, नको, मी बसते.

म्हणून हॉटेलला फोन केलात की "व्हीलचेअर चालेल का?" असं विचारूच नका. त्याचं उत्तर सगळीकडे 'हो' असतं. मापं विचारा. सासूबाईंची खुर्ची आजच टेपने मोजा, चाकाच्या बाहेरच्या कडीपासून पलीकडच्या कडीपर्यंत. साधी घडीची खुर्ची साधारण पंचवीस-सव्वीस इंच भरते. खोलीचं दार बहुतेक वेळा पुरतं, घोडं अडतं ते बाथरूमच्या दाराशी. तिथे चोवीस इंचांची चौकट आणि वर उंबरा, असं मी पुष्कळ ठिकाणी पाहिलं आहे. हॉटेलवाल्यांना सांगा, बाथरूमच्या चौकटीला आडवी टेप लावून फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवा. दुसरा फोटो कमोडचा, दोन्ही बाजूंच्या भिंती दिसतील असा. तिसरा गाडी थांबते तिथपासून रिसेप्शनपर्यंतच्या वाटेचा. हे तीन फोटो मागितले की 'हो हो'वाले आपोआप गळतात आणि जो खरोखर मोजून पाठवतो तो तिथे गेल्यावरही तुमचं ऐकतो, असा माझा अनुभव आहे.

शिमल्यात आणखी एक गोष्ट विचारावी लागते. घरं उतारावर बांधलेली असल्यामुळे बऱ्याच हॉटेलांत रस्त्यावरून आत शिरलात की तुम्ही इमारतीच्या वरच्या मजल्यावर असता आणि खोल्या खाली असतात. तेव्हा 'लिफ्ट आहे का' एवढ्यावर थांबू नका. लिफ्ट आमच्या खोलीच्या मजल्यावर थांबते का, लिफ्टच्या आधी किंवा नंतर पायऱ्या आहेत का, तिचं दार किती रुंद, हेही विचारा.

आता गाव. शिमला समुद्रसपाटीपासून सुमारे २,२०० मीटरवर आहे आणि सगळं उतारावर वसलेलं. पण गावाच्या माथ्यावर रिज नावाचं मोठं, डांबरी, जवळजवळ सपाट मोकळं मैदान आहे. गाड्यांना तिथे बंदी. शेजारच्या मॉल रोडवरही एरवी गाड्या नसतात. खुर्ची ढकलणाऱ्याला मागून हॉर्न ऐकावा लागत नाही, हे किती मोठं सुख आहे ते नाशिकच्या रस्त्यावर खुर्ची चालवलेल्या माणसालाच कळेल. रिजच्या एका टोकाला क्राइस्ट चर्च आणि उत्तरेला, हवा स्वच्छ असेल तर, बर्फाची शिखरं. तुम्ही ऑक्टोबर निवडलात ते उत्तम. पावसाळ्यात तिथे दरडींचं भय, थंडीत रस्त्यावर बर्फ गोठून चाक घसरतं.

अडचण आहे ती वर पोहोचण्याची. गाडी खालच्या कार्ट रोडपर्यंत येते. तिथून मॉलपर्यंत पर्यटन महामंडळाची तिकिटाची लिफ्ट आहे. ती दोन टप्प्यांत जाते: एका लिफ्टमधून उतरून मधल्या बोळातून दुसरीत. रात्री बंद होते, त्यामुळे परतीची वेळ आधीच विचारून ठेवा. वर मॉलवर आलात की स्कँडल पॉइंटकडे चढ लागतो आणि तिथून रिज. या चढाला तुमचे यजमान एकटे पुरे पडणार नाहीत. मुलीलाही आतापासून शिकवा. उतारावर खुर्ची उलटी न्यायची, म्हणजे ढकलणारा खाली आणि सासूबाईंचं तोंड चढाकडे. सरळ नेली तर अंग पुढे झुकतं आणि उजवा पाय पायटावरून, म्हणजे पाय ठेवायच्या पट्टीवरून घसरतो. सामान वाहणारे मजूर तिथे मिळतात, खुर्ची ढकलायलाही तयार होतात. पण आधी ब्रेक कुठे आहे ते दाखवा, आणि 'बाईंना विचारल्याशिवाय खुर्चीला हात लावायचा नाही' एवढं हिंदीत स्पष्ट सांगा.

मुक्काम कुठे करायचा? मॉलवरच्या हॉटेलला गेलात तर सामानासकट लिफ्ट आली. कार्ट रोडला राहिलात तर गाडी दारात येते, पण आत पायऱ्या. मी तुमच्या जागी असते तर चौडा मैदानाच्या बाजूला शोधलं असतं. तिथे गाडी जाते, वर्दळ कमी, आणि ऑब्झर्व्हेटरी हिल जवळ पडते.

या टेकडीबद्दल सासूबाईंना आधी काही सांगू नका, नाहीतर त्या आजच बॅग भरतील! खरं तर सांगाच, भरू दे. १८८८ मध्ये व्हाइसरॉयसाठी बांधलेला वाडा तिथे आहे, आता त्यात इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ अॅडव्हान्स्ड स्टडी आहे. १९४५ ची शिमला परिषद तिथेच भरली. पण भूगोलाच्या बाईंसाठी त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ही टेकडी जलविभाजक आहे. एका उतारावरचं पाणी सतलजला मिळून अरबी समुद्राकडे जातं, दुसऱ्या उतारावरचं यमुना-गंगेतून बंगालच्या उपसागराकडे. फळ्यावर खडूने जी रेघ त्यांनी कितीदा काढली असेल, तिच्यावर त्यांना नेऊन बसवायचं आहे. तिथे अख्खी सकाळ ठेवा. वाड्याच्या आत काय बघायला मिळेल ते त्या दिवशी दारावर विचारा; आत जाणं झालं नाही तरी बाहेरची बाग पुरे.

शिमल्याजवळचं कुफ्री वगळा. घोडे, चिखल आणि धक्काबुक्की, तिथे चाकाचं काम नाही. जाखू टेकडीवर १०८ फुटी हनुमानाची मूर्ती आहे, रोपवेही आहे. पण तिथली माकडं चष्मा पळवण्यात पटाईत आणि सासूबाईंचा एकच हात चालतो. मूर्ती रिजवरून दिसतेच, तिथूनच हात जोडा. माकडं रिजवरही येतात, खाण्याची पिशवी खुर्चीच्या मागे लटकवू नका.

प्रवासाचं सांगते. मुंबईहून चंदिगडला विमान, पुढे साधारण ११५ किलोमीटर गाडीने. तिकीट काढतानाच, आणि कसंही करून ४८ तास आधी, विमान कंपनीला कळवा. सासूबाई चार पावलं टाकतात पण शिडी चढू शकत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी 'डब्ल्यूसीएचएस' ही नोंद करायला सांगा. नुसतं 'व्हीलचेअर' म्हटलं की 'डब्ल्यूसीएचआर' लिहितात, ती शिडी चढू शकणाऱ्यांसाठी असते, आणि मग विमानाच्या शिडीसमोर वादावादी होते. स्वतःची खुर्ची विमानाच्या दारापर्यंत न्यायची मागणी करा. ती फुकट नेली जाते. गादी आणि सुटे पायट काढून स्वतःजवळ ठेवा.

चंदिगडची टॅक्सी ठरवताना सीएनजीची आहे का ते विचारा. असेल तर डिकीत सिलिंडर आणि खुर्चीला जागा नाही. फार उंच गाडी घेऊ नका. सीट खुर्चीच्या उंचीच्या जवळपास असली की सरकून बसता येतं. गाडी असो की पलंग, खुर्ची अशी लावा की सासूबाईंना डाव्या, म्हणजे धडधाकट बाजूकडे सरकता येईल. खोलीत शिरल्यावर पलंगाचा डावा-उजवा आधी बघा, गरज पडली तर हलवून घ्या.

कालका-शिमला छोटी गाडी तुमच्या मुलीच्या यादीत असणारच. १९०३ सालचा हा ९६ किलोमीटरचा मार्ग, जागतिक वारसा यादीत आहे आणि फार देखणा आहे. पण रुळांमधलं अंतरच अडीच फूट, त्यामुळे डबे, दारं आणि शौचालय सगळंच अरुंद, आणि प्रवास पाच तासांच्या वर. सासूबाईंसाठी रस्ताच बरा. रस्त्यावरून ती गाडी अधूनमधून दिसत राहते. मुलीला आणि तिच्या बाबांना एका बाजूने त्या छोट्या गाडीने पाठवा, तुम्ही दोघी टॅक्सीने या. एक दिवस सासू-सुनेने मिळून केलेला प्रवास काही वाईट नाही.

निघण्याआधी डॉक्टरांकडून रक्तदाब तपासून घ्या, गोळ्या हातातल्या पिशवीत. बसल्या जागी दर अर्ध्या तासाला अंग थोडं उचलून बूड मोकळं करायचं. आणि हे नीट लक्षात ठेवा: कमजोर बाजूला संवेदना कमी असेल तर त्या पायाला गरम पाण्याची पिशवी किंवा हीटर अजिबात लावू नका. चटका बसलेला कळत नाही, फोड आल्यावर कळतो. लोकरीचे दोन मोजे एकावर एक घाला आणि रोज रात्री पाय उजेडात धरून बघा.

शेवटी एक विनंती. हे सगळं तुम्ही तिघांनी ठरवून त्यांना सांगू नका. नकाशा त्यांच्या हातात द्या. हॉटेलच्या बाथरूमचे फोटो त्यांनाच दाखवा, इथे जमेल की नाही ते त्यांच्याइतकं कुणाला कळणार? आणि तिथे एखाद्या संध्याकाळी खरोखरच दमून त्या "आज मी बसते" म्हणाल्या, तर ते मान्य करा. घराबाहेर पडण्याआधीच बसते म्हणणं आणि दिवसभर फिरून दमल्यावर म्हणणं, यात पुष्कळ फरक आहे.

प्रश्न : मी बॅटरीची व्हीलचेअर वापरतो. लिथियम बॅटरी आहे, काढता येते. विमानात चालते का? पहाडात चढाला टिकेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : चालते, पण आधी कळवून. काढता येणारी लिथियम-आयन बॅटरी ३०० वॉट-अवरपर्यंतची असावी लागते. ती खुर्चीतून काढून, टोकं झाकून, केबिनमध्ये स्वतःजवळ ठेवायची, सामानात टाकायची नाही. जादा बॅटरी ३०० वॉट-अवरपर्यंतची एक किंवा १६० पर्यंतच्या दोन नेता येतात. बॅटरीवर वॉट-अवर छापले नसतील तर व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर करा: २४ व्होल्ट आणि १० अँपिअर-अवर म्हणजे २४०. त्या छापील पट्टीचा फोटो आणि कंपनीचं माहितीपत्रक विमान कंपनीला ४८ तास आधी ईमेल करा, आणि त्यांचं उत्तर छापून जवळ ठेवा. काउंटरवरचा माणूस दर वेळी नवा असतो.

चढावर बॅटरी सपाटीपेक्षा खूप लवकर उतरते, थंडीत आणखी लवकर. त्यामुळे निम्मी शिल्लक असतानाच परत फिरायचं, आणि खुर्ची क्लच सोडून हाताने ढकलता येते का ते सांगलीतच एखाद्या पुलाच्या चढावर करून बघायचं. खुर्चीचं वजनही विचारात घ्या. तीस-चाळीस किलोची खुर्ची 'फक्त दोन पायऱ्या' चढवायची म्हटली तर तुम्हाला उतरवून आधी खुर्ची आणि मग तुम्ही, असं दोनदा उचलावं लागतं. अशा हॉटेलला नाहीच म्हणा.