श्वासातून कोणता ट्रेसर द्यायचा?
फुप्फुसांत हवा कुठवर पोचते ते दाखवणाऱ्या स्कॅनसाठी सगळ्यांना एकच ट्रेसर (श्वासातून द्यायचा किरणोत्सर्गी पदार्थ) चालतो असं धरून चालू नकोस, आधी रुग्णाचा श्वास बघ. सीओपीडी (श्वासनलिका अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) असेल तर डीटीपीए एरोसोलचे, म्हणजे किरणोत्सर्गी द्रवाच्या फवाऱ्याचे, थेंब मोठ्या श्वासनलिकांतच चिकटतात. चित्रात मधोमध लखलखीत ठिपके आणि कडा ओस. असं चित्र वाचताना माझा जीव कासावीस होतो. तिथे टेक्नेगॅसच घे. त्याचे कार्बनचे अतिसूक्ष्म कण पार कडेपर्यंत पोचतात आणि तिथेच टिकतात, म्हणून स्पेक्टही (फिरत्या कॅमेऱ्याने घेतलेलं त्रिमितीय चित्रण) निवांत करता येतं. क्रिप्टॉन-81एम या वायूची चित्रं सुरेख येतात, पण त्याचं अर्धायुष्य जेमतेम 13 सेकंद, शिवाय तो वायू तयार करणारा जनरेटर रोज नवा लागतो. फुप्फुसात अडकलेली हवा शोधायची असेल तर झेनॉन-133 वायू. आणि हो, माउथपीस ओठांत घट्ट बसलाय ना, नाकाला चिमटा लागलाय ना, हे दरवेळी स्वतः बघ. गळती झाली की खोलीभर किरणोत्सर्ग पसरतो.