जे उभं नाही तेही दाखव

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या हेरिटेज वॉकचा आराखडा दोनदा वाचला. कसबा गणपतीपासून मंडईपर्यंत दोन तासांत चौदा ठिकाणं! सहा ठेव. पेठांमधली गर्दी, दुचाक्या, उन्हाचा ताव यांत माणसाचं लक्ष लवकर विरतं, आणि तुझ्याबरोबर आजी-आजोबाही असतील.

शनिवारवाड्याबद्दल मात्र सविस्तर लिहिते, कारण तिथे मी स्वतः चुकले होते. सुरुवातीला मी दिल्ली दरवाजासमोर उभी राहून ‘काका, मला वाचवा’ असा आवाज काढून गोष्ट सांगायचे. मुलं घाबरायची, मोठी माणसं टाळ्या वाजवायची. एकदा आत गेल्यावर एका मुलाने विचारलं, “पण राहायचे कुठे? घर कुठाय?” समोर नुसती दगडी जोती आणि हिरवळ. माझ्याकडे उत्तराची तयारीच नव्हती.

तेव्हापासून मी जोत्यांपासूनच सुरुवात करते. वाड्याचा पाया १७३० साली घातला, वास्तुशांत १७३२ला झाली. तटाच्या आतली लाकडी बांधणी १८२८च्या आगीत गेली, दगड तेवढा राहिला. हे कळलं की लोक स्वतःच वाकून जोत्याला हात लावतात. मग दरवाजाचे खिळे दाखव. हत्तीने धडक देऊ नये म्हणून ते ठोकलेले आहेत, हे खालून वर पाहिल्यावर लगेच पटतं.

नारायणरावांचा खून ३० ऑगस्ट १७७३ला झाला, हे नोंदलेलं आहे. किंकाळ्या ऐकू येतात, हे लोक सांगतात. दोन्ही सांग, पण प्रत्येक वेळी आवाजात फरक ठेव. भुतावर पाच मिनिटं घालवण्यापेक्षा रामशास्त्री प्रभुण्यांवर घालव. सत्ता हाती घेतलेल्या राघोबादादांना दोषी ठरवणारा न्यायाधीश याच शहरात होता, हे ऐकताना लोक किती शांत होतात ते बघ.

लाल महालापाशी सरळ सांगून टाक की आजची इमारत अलीकडच्या काळात महापालिकेने बांधली आहे. कोणी हिरमुसत नाही. लपवलंस आणि नंतर कळलं, तर मात्र तुझ्या बाकीच्या बोलण्यावरही शंका येते.

भिडेवाड्याची जागा वगळू नकोस. सावित्रीबाई आणि जोतीरावांनी १८४८ला मुलींची शाळा सुरू केली तो वाडा डिसेंबर २०२३मध्ये स्मारकासाठी पाडला. तिथे दगडूशेठ गणपतीच्या रांगेचा गोंगाट असतो, म्हणून आधी थोडं अलीकडे थांबून सगळं सांग, आणि मग गप्प राहून त्या जागेपाशी ने. मला तरी तिथे बोलवत नाही.

शेवट मंडईतच कर. १८८६ची ही इमारत, तेव्हाचं नाव रे मार्केट. शिक्षणाला पैसे कमी पडत असताना बाजारावर एवढा खर्च कशाला, असा विरोध जोतीरावांनी नगरपालिकेत केला होता. आज तीच इमारत त्यांचं नाव लावते. भाजीवाल्यांच्या वाटेत मात्र उभं राहू नका. सकाळची विक्री बुडाली तर ती माणसं तुला पुन्हा थारा देणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

एक राहिलं. कात्रजच्या तलावातून भुयारी नळाने पेशव्यांनी शहरात पाणी आणलं, ते पेठांतल्या हौदांमध्ये पडायचं. नकाशावर ती वाट पेन्सिलीने काढून आण. पुढच्या रविवारी सकाळी सात वाजता कसब्यापाशी ये, लोक नकोत, आपण दोघंच चालू. तू बोल, मी ऐकते.

तुझी,
मावशी