समुद्रावरचा टोलनाका

(वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं)

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन कोर्लईचा किल्ला बघायला गेलो होतो. दरवाज्यावरचा पोर्तुगीज शिलालेख बघून माझ्या सातवीतल्या मुलीने विचारलं, "बाबा, हे लोक मिरी घ्यायला आले होते ना, मग किल्ला कशाला बांधला?" मी काहीतरी थातुरमातुर सांगून वेळ मारून नेली. खरं उत्तर काय? – एक वाचक, पनवेल

उत्तर : लेकीला आधी शाबासकी द्या, कारण प्रश्न एकदम मुळावर बोट ठेवणारा आहे. मिरी विकत घ्यायची तर पैसा लागतो, फार तर वखार लागते, तोफा कशाला?

तर गोष्ट अशी की विकत घ्यायला यांच्याकडे धड काही नव्हतंच. २० मे १४९८ ला पोर्तुगीज दर्यावर्दी वास्को द गामा केरळातल्या कालिकतजवळ (आजचं कोळिकोड) पोचला, मग तिथल्या सामोरी राजाकडे न्यायला त्याने नजराणा काढला, त्याची यादी त्याच्याच सफरीतल्या माणसाने लिहून ठेवलीय. पट्ट्यापट्ट्याच्या कापडाचे १२ तुकडे, ४ लाल टोप्या, ६ हॅट, पोवळ्याच्या ४ माळा, हात धुवायची ६ भांडी, एक पेटी साखर, २ पिंपं तेल आणि २ पिंपं मध. राजाची माणसं हे बघून चक्क हसली आणि म्हणाली की मक्केहून येणारा गरिबातला गरीब व्यापारीसुद्धा याच्यापेक्षा जास्त देतो. आता बघा, जिथे अरब, गुजराती, चिनी मालाची उलाढाल शेकडो वर्षं चालू होती तिथे हा माणूस साखर आणि मध घेऊन आला, म्हणजे आपण हलवायाच्या घरी पेढे घेऊन जावं तसं.

बाजारात आपला माल चालत नाही म्हटल्यावर दोनच रस्ते उरतात, चांगला माल आणा नाहीतर दुसऱ्याचा माल अडवा. त्यांच्याकडे जहाजावर बसवलेल्या भारी तोफा होत्या, लांब उभं राहून मारा करता येत होता, आणि आपल्याकडची बरीचशी व्यापारी गलबतं काथ्याने शिवलेली, माल वाहायला बनवलेली, लढायला नाही. त्यामुळे दुसरा रस्ता. १५०२ मध्ये गामा दुसऱ्यांदा आला तेव्हा मक्केहून परतणारं यात्रेकरूंचं जहाज त्याने लुटून बायकापोरांसकट जाळलं. ही धमकी होती आणि सगळ्या किनाऱ्याला ती बरोबर कळली.

बरं, हे सगळं ऐन वेळी सुचलं असंही नाही. १४९४ मध्ये, म्हणजे कालिकत डोळ्यांनी बघायच्या चार वर्षं आधीच, पोर्तुगाल आणि स्पेन यांनी स्पेनमधल्या तोर्देसिय्यास गावी बसून समुद्रावर उभी रेघ मारली, अलीकडचं तुझं पलीकडचं माझं. आणि गामा पहिल्या सफरीवरून परतल्या परतल्या राजा मानुएलने स्वतःला इथिओपिया, अरबस्तान, इराण आणि हिंदुस्थानच्या 'विजय, नौकानयन आणि व्यापाराचा स्वामी' म्हणवून घेतलं! एक फेरी झाली होती, तीही निम्म्याहून जास्त माणसं गमावून.

आता किल्ल्याकडे येऊ. पुढच्या काही वर्षांत त्यांनी 'कार्ताझ' नावाचा पास काढला. त्यावर नाखव्याचं नाव, जहाज केवढं, माणसं किती, हत्यारं काय, जाणार कुठे हे सगळं लिहिलेलं, मिरीसारखा काही माल तर न्यायलाच बंदी, आणि वाटेत पोर्तुगीज बंदरात थांबून जकात भरायची. पासाची फी किरकोळ होती, खरी कमाई जकातीची. पास नसेल तर जहाज आणि माल जप्त. म्हणजे सरळ टोलनाका, फक्त समुद्रावर, आणि रस्ता यांनी बांधलेला नाही.

टोलनाका म्हटला की केबिन लागते आणि मारामारी करणारी चार माणसं लागतात. ती केबिन म्हणजे किल्ला. शिवाय आपला पावसाळा. गामाला येताना मान्सूनचा वारा मिळाला, तेव्हा आफ्रिकेच्या मालिंदीहून तो महिन्याच्या आत इथे आला, पण जाताना वारं फिरायची वाट न बघता कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून ऑक्टोबरातच निघाला आणि आफ्रिका गाठायला जवळजवळ तीन महिने लागले, हिरड्या सुजून सडणाऱ्या स्कर्व्हीने तीसेक खलाशी वाटेत मेले, माणसं पुरेनात म्हणून एक जहाज जाळून टाकावं लागलं. धडा एवढाच की या समुद्रावर राहायचं तर किनाऱ्यावर पाय ठेवायला स्वतःची जागा पाहिजे, पाणी, दुरुस्ती, धान्य, सगळं. मग वखार आली, वखारीला पहारा आला, पहाऱ्याला तट आला, तटातल्या माणसांना खायला घालायचं म्हणून आजूबाजूची गावं आली आणि गावं आली की शेतसारा आला. १५१० ला गोवा, १५११ ला आजच्या मलेशियातलं मलाक्का, १५१५ ला इराणच्या आखाताच्या तोंडाशी होर्मुझ, १५३४ ला गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई. नकाशा बघा, जवळजवळ प्रत्येक ठिकाण एकतर खाडीच्या तोंडाशी नाहीतर सामुद्रधुनीच्या नरड्यावर.

तुम्ही जिथे उभे होतात तिथून समोर दिसणाऱ्या चौलच्या खाडीत १५०८ मध्ये इजिप्तच्या आणि दीवच्या आरमाराने पोर्तुगीजांना चोप दिला होता, त्यात पहिल्या पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा मारला गेला. पुढच्याच वर्षी बापाने दीवला जाऊन बदला घेतला, तो भाग वेगळा.

प्रश्न : शाळेत शिकलो होतो की १४५३ ला तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल घेतलं, मसाल्याचा रस्ता बंद झाला म्हणून युरोपीय लोक समुद्रमार्ग शोधायला निघाले. एका मित्राने सांगितलं हे चूक आहे. कोण बरोबर? – एक वाचक, नाशिक

उत्तर : मित्राला चहा पाजा. तारखा नुसत्या शेजारी शेजारी ठेवल्या तरी कळतं. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतलं सेउटा घेतलं १४१५ ला, आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बोजादोरच्या भुशिरापुढे गेले १४३४ ला, आणि १४४४ मध्ये पोर्तुगालच्या लागोस बंदरात पकडून आणलेल्या २३५ आफ्रिकी माणसांची वाटणी झाली. हे सगळं १४५३ च्या आधीचं. सुरुवातीला त्यांना हवं होतं आफ्रिकेतलं सोनं, मिरी नंतर डोक्यात आली.

दुसरं म्हणजे मिरी यायची मुख्यतः लाल समुद्रातून अलेक्झांड्रियाला, तिथून व्हेनिसला. इजिप्त तुर्कांच्या हातात गेलं १५१७ ला, तोपर्यंत गामा येऊन १९ वर्षं झाली होती. रस्ता बंद नव्हता हो, महाग होता आणि नफा दुसरेच खात होते. पोर्तुगीजांना ती दलाली आपल्या खिशात हवी होती. पाठ्यपुस्तकातलं कारण पाठ करायला सोपं आहे म्हणून टिकलंय, असं माझं मत.

प्रश्न : मग आपल्या लोकांनी हा पास निमूटपणे घेतला का? – एक वाचक, अलिबाग

उत्तर : बऱ्याच जणांनी घेतला, अगदी मुघलांनीसुद्धा. आणि घेऊनही भागायचं नाही. १६१३ मध्ये जहांगीरच्या आईचं 'रहीमी' नावाचं जहाज पास असतानाही पोर्तुगीजांनी सुरतेजवळ पकडलं, मग बादशहा भडकला आणि त्याने दमणला वेढा घालायला लावला.

पण अलिबागवरून विचारताय म्हटल्यावर उत्तर तुमच्या दारातच आहे की! शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीला जहाजं बांधायला घेतली तेव्हा पोर्तुगीज कारागीर कामावर ठेवले होते, तर त्यांच्या अधिकाऱ्यांनी त्यांना परत बोलावून घेतलं, एवढी धास्ती. पुढे कान्होजी आंग्रे यांनी तर स्वतःचेच दस्तक काढले, इथून जायचं तर आमचा पास घ्या. दोनशे वर्षं हेच करणाऱ्यांनी लगेच कान्होजींना चाचा, म्हणजे समुद्री लुटारू, म्हणायला सुरुवात केली, याला काय म्हणायचं तुम्हीच ठरवा. १७२१ ला इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून तुमच्या अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले आणि आपटले. बाजीराव फौज घेऊन आल्यावर पोर्तुगीजांनी इंग्रजांना बाजूला ठेवून परस्पर तह उरकला, आणि इंग्रज त्यांच्या नावाने बोटं मोडत मुंबईला परत गेले.

जाता जाता पनवेलच्या वाचकांसाठी : पुढच्या खेपेला किल्ला उतरल्यावर कोर्लई गावात थोडं थांबा. तिथली काही ख्रिस्ती कुटुंबं अजून घरात पोर्तुगीजमधून तयार झालेली बोली बोलतात, तिला 'नौ लिंग' म्हणतात, म्हणजे 'आपली भाषा'. लेकीला ऐकवा.