ओंडक्यावरचे तपकिरी केस

प्रश्न : परसात पडलेल्या आंब्याच्या जुन्या ओंडक्यावर संध्याकाळी साबुदाण्यासारखे पांढरे दाणे दिसले. दुसऱ्या दिवशी तिथेच तपकिरी केसांचे झुबके उभे! ही कुठली बुरशी? शेजारच्या कलमांना धोका आहे का? फोटो आणि काडेपेटीत नमुना पाठवत आहे.
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : कलमांची काळजी सोडा. ही बुरशी नाही, स्लाइम मोल्ड आहे. अमिबाच्या गोतावळ्यातला हा जीव कुजक्या लाकडातले जीवाणू खाऊन वाढतो, जिवंत झाडाला हात लावत नाही.

नमुना तुम्ही काडेपेटीच्या तळाला डिंकाने चिकटवून पाठवलात, फार बरं केलंत. सुटा असता तर वाटेतच त्याचा भुगा झाला असता आणि नुसत्या फोटोवरून मी जातीचं नाव सांगितलं नसतं.

भिंगातून काळा, चकचकीत देठ दिसतो. तो वर तुऱ्यात शिरून जवळजवळ टोकापर्यंत जातो. त्याला फुटलेले तंतू एकमेकांना जुळतात आणि सगळ्यात बाहेर एक नाजूक जाळी तयार होते. ही जाळी आहे म्हणून प्रजाती (जवळच्या जातींचा गट) स्टेमोनायटिस. कोमॅट्रिका ही दुसरी प्रजाती दिसायला अगदी जवळची, पण तिच्यात तंतूंची टोकं बाहेर मोकळीच राहतात. आर्सिरिया या आणखी एका प्रजातीच्या तुऱ्यात तर मधला दांडा नसतोच.

जात ठरवताना मात्र रंगावर जाऊ नका. बीजाणू (ज्यांतून नवा जीव उगवतो ते धुळीसारखे कण) उडून गेले की गडद तुराही फिका पडतो. मी चिमूटभर पूड सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. बीजाणू फिकट, जवळजवळ गुळगुळीत, साधारण 6 मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). स्टेमोनायटिस फुस्का या जातीचे बीजाणू याहून मोठे आणि गडद, त्यांच्यावर जाळीदार नक्षी असते. ती इथे नाही. स्टेमोनायटिस स्प्लेंडेन्स या जातीत बाहेरच्या जाळीची भोकं चांगली मोठी असतात. इथे ती बारीक आहेत. म्हणून माझं उत्तर : स्टेमोनायटिस ॲक्सिफेरा.

पुन्हा दिसली तर तुऱ्याची देठासकट उंची मिलिमीटरमध्ये मोजा आणि ते सुरुवातीचे दाणे पांढरे होते की पिवळे, तेही लिहून ठेवा. फ्लॅवोजेनिटा नावाची बहीण पिवळ्यातून उगवते. वाढ पूर्ण झाल्यावर ही खूण पुसली जाते, नंतर कितीही भिंग लावलं तरी सापडत नाही.